सुकरीचं रुंद पात्याचं धनुष्य

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका टोल्यावर, छोट्या वस्तीत, सुकरी कोवे राहते. सुपं-टोपल्या विणण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही. तिचा नवरा जंगू टोल्यावरचा सगळ्यांत चांगला नेमबाज. शिकार कधीच बंद झाली. पण धान घरात आलं की माळावर नेम मारायची चढाओढ अजून होते. खुंटावर कोहळं ठेवतात, आणि ज्याचा बाण त्यात सगळ्यांत खोल रुतून राहील तो जिंकला. जंगूला हरवणं कोणाला जमत नव्हतं.

मग एकदा मूल गावच्या राइस मिलला धान नेताना ट्रॅक्टर उलटला आणि जंगूचा उजवा खांदा निखळला. खांदा बसला, जंगू पुन्हा नांगर धरू लागला. पण त्याचं जुनं जाड धनुष्य काही केल्या पूर्ण ओढलं जाईना. त्या वर्षी विनोद नावाचा तरणाबांड गडी जिंकला. माळावर ढोल वाजत होता तेव्हा जंगू घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"हलकं धनुष्य करून घ्या ना," सुकरी म्हणाली.

"हलक्या धनुष्याचा बान कोहळ्यावर आपटून खाली पडते. पोरायचा खेळ हाय तो."

"मग मी करतो," सुकरी म्हणाली.

जंगू हसला. कित्येक दिवसांनी हसला, म्हणून तिनं राग धरला नाही.

पहिलं धनुष्य तिनं हाताखालच्या बांबूचं केलं. थोडे दिवस छान चाललं. पण बांबू ओला होता, दोरी सोडली तरी तो वाकलेलाच राहू लागला. मग तिनं जुन्या दाराची सागाची पट्टी तासली. साग लोण्यासारखा तासला गेला, आणि पहिल्याच ताणाला मधोमध मोडला. ढलपी उडून तिच्या गालावर ओरखडा उठला.

"बस झालं आता," जंगू म्हणाला.

ती उठली ती थेट मंगरूभाऊंच्या अंगणात गेली. टोल्यावरची सगळी धनुष्यं त्या म्हाताऱ्याच्याच हातची.

"साग दाराले, बाई," मंगरूभाऊ म्हणाले. "धनुष्याले धामनीचं झाडच पायजे. थे वाकते आन परत येते."

सुकरीच्या बांधावर वादळात पडलेलं धामणीचं झाड वाळत पडलंच होतं. दोघांनी पाचरी ठोकून खोड उभं फाडलं. करवत लावायची नाही, लाकडाची रेषा तुटली की धनुष्यही तुटतं, असं मंगरूभाऊंनी बजावलं. नेमाकडे राहणाऱ्या बाजूला, सालीखालच्या पहिल्या थराला, हत्यार लावायचं नाही हे मात्र तिला सांगावं लागलं नाही. बांबूचंही बळ पाठीतच, सालीच्या बाजूला, असतं.

वाद झाला तो आकारावरून. मंगरूभाऊंच्या धनुष्याची दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, गोल आणि जाड असायची. सुकरीला ती रुंद आणि चपटी हवी होती.

"जाड काडी मोडते, भाऊ. रुंद पातळ पट्टी वाकते. मी रोज सुपात पाह्यतो."

"आपल्या बापजाद्यानं गोलच केले."

"त्यायचे खांदे धड होते."

मंगरूभाऊंनी लाकूड तासायचा वाकस तिच्या हाती दिला.

तिनं धनुष्य जंगूच्या उंचीहून लांब ठेवलं, कारण लांब लाकूड ओढायला मऊ जातं. पाती मुठीजवळ रुंद, टोकाकडे निमुळती होत बोटाएवढी. टोकं हलकी असली की पाती झटक्यात जागेवर येतात. मग धनुष्य आढ्याला आडवं टांगून ती दोरी खाली ओढायची, लांबून पाहायची, आणि जे पातं कमी वाकेल ते काचेच्या तुकड्यानं खरवडायची. जंगू खाटेवरून बघत असे.

"डावं अजून कडक हाय," एका सकाळी तो म्हणाला. आणि उठून स्वतःच दोरी ओढायला गेला.

त्या दिवसापासून दोघं मिळून खरवडू लागले. शेवटी जंगूनं अंगणात उभं राहून दोरी ओढली, ती थेट कानापर्यंत आली. खांदा बोलला नाही.

चढाओढीच्या दिवशी विनोदचा बाण कोहळ्यात रुतला. जंगूचा पहिला बाण कोहळ्यावरून जाऊन पार तणशीच्या ढिगात घुसला. लोक हसले.

"लय वर गेला, भाऊ," विनोद म्हणाला.

"हो. जुन्याच्या हिशेबानं उचललो. हे त्याहून जोरात फेकते."

दुसऱ्या बाणाला त्यानं हात खाली घेतला. बाण कोहळ्यात शिरला आणि त्याचं टोक पलीकडून बाहेर आलं. असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. विनोदनं कोहळ्यावर पाय देऊन जंगूचा बाण उपसला आणि जंगू जिंकला म्हणून स्वतःच ढोल गळ्यात अडकवला.

धनुष्य कोणाचं, म्हणून लोक विचारू लागले.

"सुकरीनं केलं," जंगू म्हणाला. "मी निस्ता ओढलो."

शेजारची रुपाली धनुष्य हातात घेऊन ओढून बघत होती. "वयनी, हे त मलेबी ओढते. पन बायकाईनं मारलं त चालन का?"

"कोहळ्याले काय समजते?" सुकरी म्हणाली.

यंदा माळावर बायकाही रांगेत होत्या, आणि त्यांच्या खांद्याला सुकरीनं केलेली धामणीची धनुष्यं होती. पहिला बाण सुकरीनंच सोडला. तो कोहळ्याच्या ऐन मधोमध रुतला.