आबांचं ‘न्हाई’

आबांना खोटं बोलता येत नाही, असं मला गेल्या हंगामापर्यंत वाटायचं. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन आले, तेव्हापासून ऊस बघतात.

बांधावर त्यांचा पाय कापला, जखम चिघळली. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "आधी कधी अशा गोळ्यांचा त्रास झालाय?" आबा म्हणाले, "न्हाई." मी शेजारीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी लंगडत उसातून आले ते कराकरा खाजवतच. पाठीवर, पोटावर लालभडक गांधी उठलेल्या. "पाला लागलाय," आबा म्हणाले. आईही तेच म्हणाली. आमच्याकडं अंग खाजलं की दोष उसाचाच, दुसरं काही सुचतच नाही. मीही मुकाट्यानं खोबरेल चोळलं. एवढी मठ्ठ कशी झाले, कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी ते उसात गेलेच नाहीत, तरी गांधी गळ्यापर्यंत चढल्या. माझं कशात लक्ष लागेना. चहा उतू गेला, सारखी आतबाहेर करत होते. शेवटी म्हटलं, "आबा, आज गोळी नका घेऊ."

"आगं, कोर्स अर्धा सोडायचा नसतो," म्हणत त्यांनी गोळी घेतलीच. फौजी माणसापुढं डोकं फोडून काय उपयोग?

थोड्याच वेळात ओठ सुजले, श्वास लागला. गाडीत घालून सांगलीला निघालो. पुढं उसाच्या ट्रॉल्या. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. आबा मरणार असंच वाटत होतं.

दवाखान्यात इंजेक्शनं दिल्यावर श्वास सरळ झाला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आबा आधी "न्हाई" म्हणाले. मग माझ्याकडं बघून मान खाली घातली. "नोकरीत एकदा झालं हुतं. अशाच गांधी. कुणाला बोललो न्हाई. मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती, मग प्रमोशन कुठलं?"

माझं डोकंच फिरलं. "आवं आबा, रिटायर होऊन किती वर्षं झाली? जीव गेला असता तुमचा."



बाईंनी गोळीचं नाव एका कार्डावर लाल शाईनं लिहिलं आणि ते कायम जवळ ठेवायला सांगितलं. आबांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. बाई बाहेर गेल्यावर हळूच मला विचारलं, "हे वर कळवत्यात का गं?"

"न्हाई," मी म्हटलं. तेव्हा कुठं त्यांनी ते खिशात ठेवलं.