आपोंडीने पाहिलं का?

कोंडेलेला मटाटू, म्हणजे भाड्याच्या व्हॅन, जिथे वळतात तिथे आमचं मोटरसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला लागून आपोंडीची खेळांची खोली. सगळे तिला मिन लवेंडा म्हणतात, म्हणजे लवेंडाची आई. लवेंडा नैरोबीला नर्स आहे. आई इथे चार जुने संगणक, एक पंखा आणि बरीच हौशी गिऱ्हाइकं सांभाळते.

तिचे संगणक फुकट मिळणाऱ्या, खुल्या प्रणालीवर चालतात. खेळ मात्र बनतात दुसऱ्या, विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीसाठी. दोघांची भाषा वेगळी. मध्ये एक सॉफ्टवेअर बसतं आणि खेळाचं म्हणणं संगणकाला समजावून सांगतं. आपोंडी त्याला दुभाष्या म्हणते. जगभरातली माणसं हा दुभाष्या मिळून बनवतात आणि दर पंधरवड्याला एका शुक्रवारी त्याची नवी आवृत्ती काढतात. एक गोष्ट दुरुस्त करताना दुसरी कुठेतरी मोडतेच. म्हणून आधी एक चाचणीची आवृत्ती येते आणि वापरणारे लोक ती आपापल्या यंत्रावर लावून काय बिघडलं ते कळवतात. आपोंडीची यंत्रं इतकी जुनी आहेत की तसली बाळगून तपासणारं आता जवळजवळ कोणी उरलेलं नाही. त्यामुळे आवृत्ती काढण्याआधी तिकडे कोणीतरी हमखास विचारतं, “आपोंडीने पाहिलं का?” हे वाक्य तिने मला दोनदा वाचून दाखवलं होतं, दोन्ही वेळा सहज आठवल्यासारखं.

चाचणीच्या दिवशी तिचा पाय एका जागी ठरत नाही. आमच्या दुकानात येते, गल्ल्याजवळचं बेअरिंग उचलते, फिरवते, ठेवते आणि निघून जाते.

त्या दिवशी तिने नवी आवृत्ती चढवली, ट्रकचा खेळ लावला आणि ओयुगीला बसवलं. ओयुगी भाड्याची मोटरसायकल चालवतो आणि उतारू नसले की इथे येऊन ट्रक चालवतो.

“मिन लवेंडा, रस्ता गेला.”

“गेला म्हणजे?”

“काळा झाला. झाडं आहेत, डोंगर आहे, रस्ता नाही.”

“मग चालव तसाच. खऱ्या रस्त्यावर तरी कुठे बघून चालवतोस?”

तिने मागची आवृत्ती लावली, रस्ता आला. नवी लावली, रस्ता गेला. तिने तसं कळवलं. दुभाष्याचं ते काम पाहणारा इल्मारी नावाचा माणूस आहे, कुठल्यातरी थंड देशातला. त्याने विचारलं, “खेळ नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये बसवून पाहिलात ना?” तपासणाऱ्यांचा हा पहिला नियम. जुनं काही सोबत आणायचं नाही. आपोंडीने लिहिलं, “हो.”

खोटं बोलायचा तिचा विचार नव्हता. आमच्याकडे इंटरनेट बंडलवर चालतं. एवढा मोठा खेळ एकदा उतरवला की पुन्हा कोणी उतरवत नाही, एका यंत्रावरून दुसऱ्यावर उचलून ठेवतात. तिनेही नवं फोल्डर केलं आणि जुन्यातलं सगळं त्यात ओतलं. तिच्या लेखी ते नवं होतं.

इल्मारीने ज्या नव्या बदलावर संशय होता तो मागे घेतला आणि आवृत्ती त्याच्याशिवाय निघाली.

दुसऱ्याच दिवशी आमच्या इथल्या सरोवराच्या पलीकडून, म्वान्झाहून, माघेंबे नावाच्या तपासणाऱ्याचा निरोप आला. “आपोंडी ताई, तुमच्या सांगण्यावरून बदल काढला. माझा खेळ त्याच बदलाने सुरू होणार होता. ईस्टरपासून वाट बघतोय. तुमचा रस्ता आला, माझ्या खेळाची खिडकीच उघडत नाही. राग नाही. फक्त विचारतो, नक्की ना?”

तिने “नक्की” असं लिहिलं, पण पाठवलं नाही. पुढचे काही दिवस तिचं कशात लक्ष लागेना. ओमेना तळायला ठेवून बाहेर आली आणि मासळी जळल्याचा वास आम्हीच तिला सांगितला. गिऱ्हाइकांवर खेकसली. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

अशातच ओयुगी आमच्या दुकानात तणतणत आला. “जादुओंग, हे दातेरी चक्र परत घ्या. परवाच बसवलं आणि साखळी उड्या मारतेय.”

वयामुळे मला इथे सगळे जादुओंग, म्हणजे म्हातारबा, म्हणतात. मी काही म्हणायच्या आत आमचा मेकॅनिक ओबुरा वाकून गाडी बघायला लागला. “साखळी कुठली?”

“माझीच. चांगली आहे की अजून.”

“नव्या चक्रावर जुनी साखळी चढवलीस आणि दोष चक्राला? तू बायको बदललीस तरी सासू जुनीच ठेवशील.”

ओयुगी काहीतरी उत्तर देणार होता. आपोंडी काउंटरपाशी बेअरिंग फिरवत उभी होती. तिने ते खाली ठेवलंही नाही, हातात घेऊनच निघून गेली.

तिने एका यंत्रावरचा खेळ मुळापासून काढून टाकला आणि पुन्हा उतरवायला घेतला. दिवसभर ते यंत्र अडकून राहिलं. ओयुगी दाराशी येऊन विचारी, “माझा ट्रक कुठवर आला?” ती म्हणे, “वाटेत एल्डोरेटला पंक्चर झालाय. जा.”

संध्याकाळी खेळ उतरला. मागे घेतलेला बदल असलेली चाचणी आवृत्ती तिने त्यावर चढवली. रस्ता होता. कडेची पांढरी रेघसुद्धा होती.

मग तिने जुनं फोल्डर उघडून एकेक वस्तू पाहिली. त्यात एक लहानशी फाइल निघाली. फार पूर्वी दुभाष्याला हा रस्ता दाखवता येत नव्हता, तेव्हा तिनेच कुठूनतरी आणून ती कुबडीसारखी लावली होती आणि विसरली होती. दुभाष्या आता स्वतःच्या पायांनी चालायला लागला होता आणि तिची कुबडी त्याच्या पायांत येत होती.

बेअरिंग परत करायला आली तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, “जादुओंग, मी गप्प बसले तर कोणाला कळेल?”

“कोणालाच नाही.”

“माघेंबेलाही नाही.”

“नाही.”

“आणि सांगितलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही मला, आपोंडीने पाहिलं का म्हणून.”

तिने बेअरिंग ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. “त्याने राग नाही असं लिहिलंय,” ती म्हणाली. “रागावला असता तर सोपं होतं.”

तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. फोल्डर रिकामं नव्हतं. जुनी फाइल माझीच होती. काढलेला बदल पुन्हा घाला. इल्मारीचं उत्तर एका ओळीचं आलं, “पुन्हा घालतो, कळवल्याबद्दल आभार.”

पुढच्या चाचणीच्या दिवशी नेहमीप्रमाणे तपासणाऱ्यांची यादी लागली. आपोंडीच्या नावापुढे पहिल्यांदाच लिहिलेलं होतं, “आणखी एकाने पडताळावं.” हे तिने मला वाचून दाखवलं नाही. पडदा माझ्याकडे वळवला आणि पंख्याकडे बघत राहिली.

“पंखा तरी लाव,” ओयुगी म्हणाला. “आणि माझा ट्रक?”

“पुन्हा मुळापासून उतरतोय. आता दर वेळी असंच. बस गप.”

तेवढ्यात माघेंबेचा निरोप आला. “ताई, खिडकी उघडली. खेळ चालतोय. तुमचा रस्ता दिसतो का?”

ओयुगीने मान पुढे काढून वाचलं. “सांग ना दिसतो म्हणून. गेल्या वेळी दिसला होता की.”

आपोंडीने त्याचा हात कळफलकावरून बाजूला केला आणि लिहिलं, “खेळ अजून उतरतोय. पाहिला की सांगते.”

मग उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि खेळ किती उतरला ते दाखवत पडद्यावर भरत चाललेल्या पट्टीसमोर उभी राहिली.