कार्डावरच्या काकू

"आधी कार्ड दाखव, मग आजार सांग."

दुखणं घेऊन कुणीही दारात आलं की काकू उजवा तळहात पुढे करायच्या आणि हे म्हणायच्या. कुणाचं पोट दुखत असो, कुणाच्या सासऱ्यांच्या छातीत कळ आलेली असो. तळहात पुढे. त्यावर विम्याचं कार्ड ठेवल्याशिवाय चेहऱ्यावर सहानुभूती उमटायची नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. तुम्ही रडवेले होऊन जाता आणि ते तुम्हाला झेरॉक्स काढायला पाठवतं. राग येतो. नंतर त्या झेरॉक्सवरच सगळं निभावतं.

कोलकात्याला, डमडमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, समोरासमोरची. एक त्यांचं, एक आमचं. बंगाली शेजारी त्यांना मासिमा म्हणायचे, मी काकू. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहायचं तर ओळखीचा पुरावा जोड, असं त्याच म्हणाल्या असत्या.

शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात त्या अठरा वर्षं बिलांच्या काउंटरवर बसल्या. पुढे तीच खिडकी कॅशलेसची झाली, कार्ड दाखवलं की पैसे विमा कंपनी भरणार. पेशंट स्ट्रेचरवरून आत जायचा आणि नातेवाईक काकूंच्या खिडकीशी यायचे. हात पुढे करायची सवय तिथलीच. पुढे नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी नोकरी सोडली. नवरा गेला, नोकरी गेली, पण हात तसाच पुढे येत राहिला.

मी पहिल्यांदा त्यांच्यावर चिडले ते माझी मुलगी अकरा दिवसांची असताना. त्या बाळ बघायला आल्या. मला वाटलं, टोपडं आणलं असेल. त्यांनी पाळण्यात डोकावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कंपनीला कळवलंस?"

"काय कळवायचं?"

"ही जन्मली ते."

"काकू, आधी बाळ तरी बघा!"

"बाळ कुठे पळून जात नाही. मुदत पळते. कार्डावर नाव चढलं नाही, तर तुझ्या कंपनीच्या लेखी हिचा जन्मच झालेला नाही."

त्या गेल्यावर मी नवऱ्यापाशी धुसफुसले. ही बाई बारशालाही फॉर्म घेऊन येईल, असं म्हणाले. आणि खरंच, बारशाला त्यांनी चांदीची वाटी दिली आणि वाटीत घडी घातलेला फॉर्म होता. मी तो नाक मुरडून भरला. तिसऱ्या महिन्यात पोरीला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या मुलीने हात पुढे केला तेव्हा मी कार्ड दिलं आणि त्यावर पोरीचं नाव होतं. पाच दिवस मला तिच्या श्वासाखेरीज दुसरी कुठलीच काळजी करावी लागली नाही. त्यानंतर मी काकूंची चेष्टा करणं सोडलं नाही, पण कमी केलं.

संध्याकाळी गॅलरीत चहा पिताना त्या काउंटरवरच्या गोष्टी सांगायच्या. "सुरुवातीला कार्डबिर्ड कुठलं गं? लोक रुमालात बांगड्या बांधून आणायचे. मग बाप लोक यायला लागले, बापाचं कार्ड आणि त्यावर पोरांची नावं. आणि माझ्या शेवटच्या वर्षांत सगळं उलटं झालं. आईबाप आत कॉटवर, पोरगा बंगलोरला, आणि कार्ड येतंय त्याच्या फोनवरून. पंचविशी झाली की पोरगा बापाच्या कार्डावरून उतरतो, आणि साठीला बाप पोराच्या कार्डावर चढतो. मधली वर्षं देवाच्या भरवशावर."

त्यांचा एकुलता एक मुलगाही बंगलोरलाच होता, मोठ्या कंपनीत. काकू त्याच्या कंपनीच्या कार्डावर होत्या, म्हणजे त्याची नोकरी आहे तोवर. मला ते अगदी सुरळीत वाटायचं.

मराठी लोकांचे फॉर्म भरून देणं हा काकूंचा आवडता उद्योग. इथल्या महाराष्ट्र मंडळातली बँकवाली, कंपनीवाली माणसं गावाकडून आईवडिलांना आणायची आणि कागद घेऊन काकूंकडे यायची. काकू त्या म्हाताऱ्यांना विचारायच्या, "खरा वाढदिवस मला सांगा, मी शिरा करीन. फॉर्मवर मात्र शाळेतला." शाळेतला म्हणजे एक जून. आपल्याला हे समजावून सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडायची, मास्तर पोराकडे बघून वर्षाचा अंदाज घ्यायचे आणि दाखल्यावर एक जून ठोकून द्यायचे.

धर्मतल्याच्या विमा कचेरीतल्या बंगाली बाबूंना हे कुठून कळणार? एकदा काकूंनी एकगठ्ठा सात फॉर्म दिले, सातही जण एक जूनला जन्मलेले. बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "दीदी, ही काय भानगड आहे? महाराष्ट्रात बाकीचे दिवस सुट्टी असते का?"

काकू डगमगल्या नाहीत. आपल्या खणखणीत बंगालीत म्हणाल्या, "आमच्या पिढीला जन्म आईने दिला आणि तारीख मास्तरांनी. तुम्ही शिक्का मारा."

तेव्हापासून त्या दिसल्या की बाबू आत ओरडायचे, "बर्गी आले रे!" बर्गी म्हणजे आपलेच मराठे स्वार. त्यांच्या धास्तीने बंगाल्यांनी बागबाजारपासून खंदक खणला होता. काकूंना ही हाक फार आवडायची. घरी येऊन त्या ती मला करून दाखवायच्या.

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगा बंगलोरहून आला. ऑपरेशन त्यांच्याच जुन्या हॉस्पिटलात, कागद त्यांच्याच जुन्या खिडकीत. काकू मागे बाकावर बसल्या होत्या. खिडकीतल्या मुलीने मुलाला नेहमीचा प्रश्न विचारला, अजून त्याच कंपनीत आहात ना? तो हसून म्हणाला, "आईच्या कार्डासाठी तर आहे. नाहीतर केव्हाच सोडली असती."

त्याने गमतीत म्हटलं होतं. पण दोन मित्रांबरोबर शाळांसाठी विज्ञानाची साधनं बनवायचं कधीपासून त्याच्या मनात आहे, हे काकूंना माहीत होतं. जागा बघून झाली होती, मित्र थांबले होते. दर वेळी तो म्हणायचा, बघू गं, घाई काय आहे. घाई का नव्हती ते काकूंना त्या बाकावर कळलं.

हे त्यांनी मला सांगितलं तो मे महिन्यातला शेवटचा गुरुवार होता. मुलगा आदल्या दिवशीच परत गेला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात ड्रॉप्सची बाटली. मला वाटलं, आता रडतील. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले.

"हात काढ. पेन घे," त्या म्हणाल्या. "मला आठवडाभर वाचायचं नाही. तू भर. मी त्याच्या कार्डावरून उतरतेय."

"उतरून जाणार कुठे?"

"स्वतःच्या कार्डावर. पासष्ट पूर्ण झाली की नवीन पॉलिसी देत नाहीत. माझी कोजागिरीला होतील. चार महिने आहेत, पण मला आता दम नाही."

तेव्हा नियम तसेच होते, आता जरा सैल झालेत म्हणतात. मी फॉर्म घेतला. नाव, पत्ता लिहिला. जन्मतारखेच्या रकान्याशी आले आणि त्यांच्याच सवयीने बोलून गेले, "काकू, शाळेतला?"

त्यांनी ड्रॉप्सची बाटली खाली ठेवली आणि काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

"एक जून," त्या म्हणाल्या. "अगं बाई. मीसुद्धा एक जूनच."

सगळ्या म्हाताऱ्यांना शाळेतल्या वाढदिवसाची आठवण करून देणारी ही बाई स्वतःचा विसरली होती. कारण साधं होतं. आयुष्यात त्यांनी स्वतःचा फॉर्म कधी भरलाच नव्हता. लग्नाआधी वडिलांनी भरला, मग नवऱ्याने, नोकरीत हॉस्पिटलने आणि मग मुलाने. घरात वाढदिवस मात्र कोजागिरीलाच व्हायचा, आटीव दूध करून. कागदावर त्यांच्याकडे चार महिने नव्हते. सोमवारी एक जून, शनिवार-रविवार कचेरी बंद. हातात फक्त शुक्रवार होता.

पुढचा रकाना आजारांचा होता. मला माहीत होतं, काकूंना शुगर आहे. मी पेन थांबवलं आणि नको ते बोलले. "काकू, हे नाही लिहिलं तर? थोडीच तर आहे. उगाच नाकारतील."

त्या अशा वळल्या की मी दचकले. "अठरा वर्षं मी खिडकीत बसून बघितलंय. 'थोडीच आहे' म्हणून लपवलेली शुगर आयसीयूच्या दारात बाहेर येते. तेव्हा पोरं भिंतीला टेकून उभी राहतात. लिही. ब्लडप्रेशरपण लिही. खोटं कार्ड घेऊन मी त्याला मोकळा कसा करणार?"

मी सगळं लिहिलं. मला स्वतःची लाज वाटली, हे कबूल करते.

शुक्रवारी मी रजा टाकली. डमडमहून मेट्रोत बसलो. दर दोन तासांनी ड्रॉप्स घालायचे होते, म्हणून भर गर्दीत काकूंनी मान वर केली आणि मी थेंब सोडले. शेजारच्या बाईने न विचारता त्यांचं डोकं धरलं. धर्मतल्याला उतरलो तर लोक तोंडावर रुमाल धरून पळत होते. कालबैशाखीचं वादळ आलं होतं. रस्त्यावर धूळ आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई. मी म्हटलं, थांबूया. "कचेरी साडेचारला खिडकी लावते," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर चष्म्यावरून घट्ट गुंडाळला आणि माझा दंड धरला. ते पाच मिनिटांचं अंतर मी त्यांना आंधळ्या माणसासारखं चालवत नेलं. रस्ता मात्र त्याच सांगत होत्या, आता डावीकडे, आता पायरी.

बाबू आवराआवर करत होते. पदरात गुंडाळलेली मूर्ती बघून त्यांना ओरडायचंही सुचलं नाही. काकूंनी फॉर्म पुढे केला. त्यांनी वाचला. तारखेवर बोट थांबलं.

"दीदी, तुम्हीपण?"

"मास्तर सगळ्यांना सारखेच होते," काकू म्हणाल्या.

बाबूंनी कॅलेंडरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. खुर्ची ओढून बसले, एकेक पान तपासलं आणि त्या दिवसाचा शिक्का मारला. मग काकूंना चहा पाजला, बिनसाखरेचा. आजारांचा रकानाही त्यांनी वाचला होता.

तपासण्या झाल्या, प्रश्न आले, उत्तरं गेली. दीड महिना काकू वरवर बिनधास्त होत्या, पण पोस्टमन आला की आधी त्यांचं दार वाजायचं. शेवटी कार्ड आलं. तोवर डोळा स्वच्छ झाला होता, तरी त्यांनी ते माझ्याच हातात दिलं. "वाच."

मी नाव वाचलं. पुढे नातं असा रकाना होता. "नातं, स्वतः."

"परत वाच."

"स्वतः."

त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग लगेच मुलाला फोन लावला. "ऐक. मला तुझ्या कार्डावरून काढ. हो, मिळालं माझं. आता तुझ्या साहेबाला काय सांगायचं ते सांग." महिन्याभरात त्याने राजीनामा दिला.

शुगरसाठी तीन वर्षांची अट होती. त्याआधी त्यापायी काही झालं असतं तर कार्डाचा उपयोग नव्हता. "तीन वर्षं मला आजारी पडायला सवड नाही," असं काकूंनी बिल्डिंगभर जाहीर केलं. रोज पहाटे तळ्याभोवती चालायला लागल्या. कोलकात्यात राहून संदेशासारखी मिठाई सोडली, ही काही लहान गोष्ट नाही. मुलाने पाठवलेला भिंगांचा पहिला संच त्यांनी टीव्हीवर ठेवला होता आणि येईल त्याला त्यातून मुंगी दाखवायच्या. तीन वर्षं पुरी झाली त्या दिवशी त्यांनी एकच संदेश आणला. अर्धा माझ्या मुलीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. माझी मुलगी मराठी बोलताना अडखळते. तिने विचारलं, "आजी, आज तुझा कुठला बर्थडे आहे?"

"कार्डाचा," त्या म्हणाल्या.

या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्यावर एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. माझ्याकडे किल्ली होती. झोपेतच गेल्या होत्या, चालायचे बूट पलंगाखाली नीट लावलेले. कुठलं हॉस्पिटल नाही, खिडकी नाही, कुणी हात पुढे केला नाही.

मुलगा आला. दिवस झाल्यावर आम्ही दोघं घर आवरत होतो. कपाटात सगळ्यात वरच्या खणात ते कार्ड होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, कोरं करकरीत. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या बोटांना कसल्या तरी कामाचे डाग होते.

"काय उपयोग झाला, ताई?" तो म्हणाला. "इतकी धडपड केली तिने. एकदाही वापरलं नाही."

"वापरलं की," मी म्हटलं. "तू राजीनामा दिलास त्या दिवशी."

तो खाली बसला, तिथेच, उघड्या कपाटापुढे. बराच वेळ रडला. मग त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि त्यावर हात दाबून धरला.