अख्खा गोळा

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांना सगळे गोळेमास्तर म्हणत, आणि ते नाव त्यांनी एकतीस वर्षं मिशीला पीळ देत मिरवलं. दर गुरुवारी खिम्याचे गोळे. आजारपणाची रजा टाकलेले लोकही त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपुरते ठणठणीत होऊन यायचे. पाव दुधात भिजवायचा, कांदा किसून घट्ट पिळायचा, खिम्यात हलक्या बोटांनी मिसळायचा, मग ओल्या हाताने गोळे वळून ट्रे ओव्हनमध्ये. वरचा हिरवा सॉस मात्र सुरीनेच चिरायचा: कोथिंबीर, पुदिना, शेपू, लसूण, त्यावर लिंबू आणि तेल. मॅनेजरने एकदा मोठ्या हौसेने मिक्सर आणून दिला. मास्तरांनी तो खोक्यासकट परत पाठवला. "पाल्याचा चिखलच करायचाय तर मी कशाला हवा?" मॅनेजर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

थोरली मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली. शिकली म्हणजे काय, बोलणी खाऊन मोठी झाली. कुणाला शाबासकी द्यायची तर मास्तरांच्या जिवावर यायचं. फार झालं तर "चालेल" म्हणायचे, आणि तेवढ्यावर ती आठवडाभर खूश असायची.

मग एका सकाळी शेगडीशी उभे असतानाच मास्तरांची डावी बाजू लुळी पडली आणि ते कोसळले. जीव वाचला, पण गिळणं बिघडलं. घास पोटात जायच्या ऐवजी श्वासनलिकेत शिरायचा. दोनदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी थोरलीला बजावलं, "सगळं मिक्सरमधून काढून, पातळ करून द्यायचं. एक तुकडा जरी तसाच गेला तरी जिवाशी गाठ आहे." तिने मिक्सर विकत आणला. मास्तर तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चौथ्या दिवशी भुकेपुढे त्यांचं काही चाललं नाही.

तेव्हापासून दोघांत एक ठरून गेलं. गुरुवारी कामावरून आली की थोरली घरी गोळे भाजायची. एक बशीत काढून, वर सॉस घालून आधी बाबांपुढे धरायची. ते वास घ्यायचे, बशी फिरवायला लावायचे, चमच्याने गोळा फोडून आत बघायचे. "आच जास्त झाली." "शेपूने सगळ्यांना गप्प केलंय." असा निकाल लागला की बशी मिक्सरकडे जायची. त्यातून निघालेला तो हिरवट लगदा मास्तर डोळे मिटून गिळायचे, आणि दर वेळी बोबड्या जिभेने विचारायचे, "एक अख्खा कधी देणार?"

"बरे झालात की."

"म्हणजे कधी?"

"पुढच्या गुरुवारी बघू."

असे तीन-साडेतीन महिने गेले. मग ताप तिसऱ्यांदा चढला. दवाखान्यात छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टर थोरलीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. "आता औषधाने काही होणार नाही. घरी न्या. आवडेल ते खाऊ द्या, पथ्य सोडा." तिने तोंड धुतलं, आत आली आणि म्हणाली, "बाबा, घरी सोडलं." मास्तर लहान मुलासारखे हसले. तिला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी तिने रजा टाकली. मंडईतून स्वतः निवडून कोवळा पुदिना आणला. कांदा तळहात दुखेपर्यंत पिळला. ओव्हनसमोरून हलली नाही. मग एक गोळा बशीत घेऊन ती बाबांच्या खाटेशी गेली. त्यांनी वास घेतला, बशी फिरवायला लावली, चमच्याने गोळा फोडून आत बराच वेळ बघितलं.

"छान झालाय," मास्तर म्हणाले.

आयुष्यभर जो शब्द ऐकायला ती आसुसली होती, तो आज मिळाला होता. ती मिक्सरकडे गेली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि गोळ्याचा तुकडा चमच्यात घेऊन त्यांच्या ओठांशी नेला. "घ्या बाबा. असाच घ्या."

उघडलेलं तोंड मिटलं. मास्तरांनी चमच्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या मिक्सरकडे, मग तिच्याकडे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही. घरी न्या म्हणाले."

"आणि अख्खा द्या म्हणाले?"

थोरलीला खोटं बोलायचं होतं, पण तिने चमचा बशीत परत ठेवला.

मास्तरांनी उजव्या हाताने बशी तिच्याकडे सरकवली. "मिक्सरला लाव," ते म्हणाले. "चांगलं बारीक कर. घशात अडकायला नको. मला बरं व्हायचंय."

ती उठली. मिक्सर लावला आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालू ठेवला, कारण त्या घरघरीत तिचं रडणं ऐकू जाणार नव्हतं. बंद केल्यावर मागून आवाज आला, "आणि पुढच्या गुरुवारी कांदा जरा आणखी पीळ."

"पिळते बाबा," ती म्हणाली, आणि वाटीवर गाळणी ठेवली.