कानसेनांनी डिस्कची वाटणी बदलली

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण बोलत्या पुस्तकांच्या केंद्रात सगळे त्यांना कानसेनच म्हणत. अकराव्या वर्षी दृष्टी गेली. पुढे बावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. ते बंद पडलं तेव्हा घरी बसवेना, म्हणून या केंद्रात आले.

केंद्र म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. तिथे बसून पुस्तकं वाचली जायची. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कानसेन ते वाचन ऐकून साफ करायचे. खोकला, धाप, पान उलटल्याची सळसळ, त्यांच्या कानातून काही निसटत नसे. कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा आणि पडद्यावर जे उमटेल ते त्यांना बोलून दाखवायचा, तेही इतकं भरधाव की ऐकणाऱ्याला वाटावं, चिमण्या भांडताहेत.

एका सोमवारी वाचन चालू असताना रेकॉर्डिंग अचानक थांबलं. डिस्कवर जागाच उरली नव्हती.

वाचत होत्या भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका. पुस्तक फिजिओथेरपीचं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची एक तुकडी त्याची वाट बघत होती आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"म्हणजे माझी सगळी हाडं गेली?" बाईंनी आतून विचारलं.

"खांदा आहे," कानसेन म्हणाले. "कोपरापासून पुढचं गेलं."

खरं तर डिस्क काही लहान नव्हती. पाचशे जीबीची होती, पण बसवताना तिचे दोन भाग पाडले होते. शंभर जीबी चालू कामाला आणि चारशे जुन्या पुस्तकांना. चालू कामाचा भाग गळ्यापर्यंत भरला होता आणि जुन्या पुस्तकांच्या भागात निम्म्याहून जास्त जागा मोकळी पडली होती. मधली हद्द सरकवली की काम भागणार होतं.

कानसेनांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"त्याला पडद्यावर रंगीत पट्ट्या असतात, काका. माउसने ओढून लहानमोठ्या करायच्या," तो म्हणाला. "तुम्ही हात नका लावू, सगळं उडेल. मी पंधरा दिवसांनी येतो."

पंधरा दिवसांनी येऊन उपयोग काय? कानसेनांनी फोन ठेवला आणि व्यवस्थापकांकडून एक बाहेरची डिस्क मागून घेतली. पट्ट्या नसल्या तरी तेच काम कमांड टाइप करून होतं, एवढं त्यांना माहीत होतं.

घरी एक जुना लॅपटॉप होता. पुढचे चार दिवस त्याच्यावर सराव चालला. पहिल्या दिवशी तो चालूच होईना.

"माझे फोटो त्यात नाहीत ना?" बायकोने विचारलं.

"नाहीत. आधीच काढून ठेवलेत."

"मग खुशाल मोडा."

शनिवारी सकाळी ते केंद्रात पोचले. बोलणाऱ्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू केला, म्हणजे आतल्या डिस्कला हात लावता येईल. आधी चालू कामाची प्रत काढली, मग जुन्या पुस्तकांची. ती एकशेवीस जीबी होती. उतरायला सव्वा तास लागला. प्रती मुळाशी ताडून पाहिल्या. मग जुन्या पुस्तकांचा भाग पुसायची कमांड लिहिली आणि बोट एंटरवर ठेवून नुसते बसून राहिले. नऊ वर्षांचं काम होतं त्यात. कमांड पुन्हा ऐकली, एकेक अक्षर सुटं करून. मग एंटर दाबलं.

त्यानंतरचं काम सरावातल्यासारखंच झालं. पहिला भाग साडेतीनशेपर्यंत वाढवला, मग त्याच्यातली फाइल सिस्टीमही तेवढी मोठी केली. नाहीतर खोली वाढते आणि सामान मात्र जुन्याच कोपऱ्यात दाटीने बसून राहतं. उरलेल्या दीडशेत दुसरा भाग नव्याने करून जुनी पुस्तकं परत आणली. पेनड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

कॉम्प्युटर बोलेना. पंखा फिरत होता, पण आवाजाचा पत्ता नाही. पाच मिनिटं गेली. कानसेनांच्या शर्टाची पाठ भिजली.

वाचायला म्हणून बाई तेवढ्यात जिना चढून आल्या.

"पडद्यावर काय आहे, वाचा हो जरा."

"अगं बाई! इमर्जन्सी लिहिलंय!"

"घाबरू नका, नुसतं वाचा. त्याच्या वरती काय आहे?"

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं ठणठणीत वाचलं, "टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस. पुढे आकडे आणि अक्षरं आहेत, लांबलचक. सात, एफ, तीन..."

"पुरे, पुरे!" कानसेन खुर्चीत मागे टेकले. "कळलं. माझाच गाढवपणा."

दुसरा भाग नव्याने केल्यावर त्याचा ओळख क्रमांकही नवा झाला होता. कॉम्प्युटर मात्र सुरू होताना जुन्याच क्रमांकाची वाट बघत बसला होता. कानसेनांनी पेनड्राइव्ह परत लावला आणि एका फाइलमधली एक ओळ बदलली. पुढच्या खेपेला तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज बोलला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. कानसेनांनी पाणी मागितलं, दोन पेले प्यायले.

त्याच दुपारी कोपर पुन्हा वाचून झालं. पुस्तक परीक्षेच्या आठ दिवस आधी विद्यार्थ्यांच्या हाती पडलं. दुरुस्तीवाला कबूल केल्याप्रमाणे पंधराव्या दिवशी आला. त्याने पडद्यावर पट्ट्या उघडून बघितल्या, मान हलवली आणि फेरी उगाच पडायला नको म्हणून पंखा साफ करून गेला.

कानसेन त्यानंतर सहा वर्षं तिथे होते. दृष्टी नसलेल्या दोन मुलींना त्यांनी हे काम शिकवलं आणि त्या दिवशी जे जे केलं ते सगळं, स्वतःच्या चुकीसकट, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं. ते रेकॉर्डिंग चौतीस मिनिटांचं आहे आणि त्यातली पहिली अकरा मिनिटं ते फक्त बॅकअपबद्दल बोलतात.