आमच्या स्लॅबवरचा धूळसाहेब

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि एवढ्या आयुष्यात धुळीला इतका मान देणारा माणूस मी पाहिला नव्हता. आम्ही गडचांदूरजवळचे, सिमेंटच्या धुळीत लग्नं लावलेले लोक. आम्ही धूळ झटकतो. हा पुण्याकडचा साहेब ती मोजायला आला आणि आमच्याच स्लॅबवर कपाटाएवढं यंत्र मांडून तीन महिने राहिला. यंत्रातून हिरवा लेसर सरळ आभाळात जाई. हवेतल्या कणांना लागून उजेड परत आला, की कोणत्या उंचीवर काय तरंगतंय ते साहेबाला कळे. जमिनीवरचं मात्र काही कळत नसे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून तो रोज घसरे आणि रोज त्या पायरीचीच माफी मागे. चहात धूळ पडली तरी पिऊन टाकी, पण यंत्राची काच लेकराचं नाक पुसावं तशी मऊ फडक्यानं पुशी.

"साहेब, लगन काऊन नाई केलं?" आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"मुलगी पाहायला गेलो होतो, आजी. त्यांच्या खिडकीवरची धूळच पाहत बसलो."

बुढी हसली आणि खोकू लागली. तो खोकला दिवाळीपासूनचा. तिला आलापल्लीला लेकीकडे, जंगलाच्या हवेत ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण जावयाच्या दारी जाऊन राहणं मला मंजूर नव्हतं. सकाळचं ते पांढरं म्हणजे माझ्या बापाच्या वेळची धुई, साधं धुकं आहे आणि धुईनं कोणी मरत नाही, हे मी सगळ्यांना ठणकावलं होतं. शेवटी साहेबालाही म्हटलं, "तुमच्या यंत्रालेच इचारा."

त्यानं खरंच विचारलं. एका सकाळी मला यंत्राचा पडदा दाखवला. "काका, धुईचा थेंब गोल. उजेड गेला तसाच परत येतो. धूळ खडबडीत, ती उजेडाला पिळून पाठवते. निळी ती धुई, लाल ती धूळ."

वर एक निळी रेघ होती. खाली सगळं लाल.

"म्हंजे धुई आहे," मी म्हणालो.

"आहे ना, काका. वर आहे."

आणि तो पहिल्यांदाच खाली पाहू लागला. अंगणात बुढी झाडत होती. दोन हात झाडी, खराट्याला टेकून थांबे, पुन्हा झाडी.

त्याच दिवशी त्याचं काम संपलं. गाडी आली, यंत्र चढलं. मी घुश्शात होतो, त्याला नीट 'या' सुद्धा म्हटलं नाही. पायरीवरून घसरून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुढीची दोन लुगडी आणि माझं एक धोतर पिशवीत भरलं.

"जावई हासन," बुढी म्हणाली.

"हासू दे."

स्लॅबवर साहेबाचं फडकं राहिलं होतं. ते घेतलं, आणि आलापल्लीच्या बसमध्ये तिच्या बाजूची काच त्याच फडक्यानं पुसून बंद केली.