गवतातल्या मरळीसाठी घेतलेली काठी

पेणच्या दुकानदाराने मला एकच विचारलं, पाणी उघडं आहे की गवताळ? गवताळ, मी म्हणालो. त्यावर त्याने आखूड, जाड, ताठ रॉड पुढे केला. गवतात मरळ लागली की तिला वळू द्यायचं नाही, सरळ वर ओढायची, असं तो सांगत होता. मी हसलो. धरमतरच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हा मासेमारी शिकवणार! आमच्याकडे काठी वाकली तरच चांगली, मासा तिच्याशी झुंजून दमतो. मी लांब, लवचिक रॉड घेतला. त्याने निदान दोरी तरी न तुटणारी, विणलेली दिली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्यासाठी आधी शहाणा असावं लागतं.

तळं निडीजवळ, सासऱ्यांच्या भातशेताला लागून. पावसाळा सरला होता आणि जलपर्णी इतकी माजली होती की पाणी कुठे दिसतच नव्हतं. गेल्या वर्षी तिथे उतरलेली म्हैस चौथ्या दिवशी वर आली, असं सासऱ्यांनी चालता चालता सांगितलं. मग रॉडचं टोक बोटाने दाबून पाहिलं.

"पावनं, ही खाडीची काठी हाय," ते म्हणाले. जावयाला याहून जास्त कोण बोलणार?

आमिषाचा रबरी बेडूक पानांवरून दोनदा ओढला आणि मरळीने तो गिळला. रॉड मुठीपर्यंत वाकला. तेवढ्यात ती मुळांखाली शिरली आणि दोरी अडकली. मी खेचत राहिलो, रॉड नुसता वाकत राहिला. जावई रिकाम्या हाताने जायला नको म्हणून सासरे लुंगी खोचून पाण्यात उतरले. दोरी धरत धरत छातीभर पाण्यात गेले. त्यांच्यामागे जलपर्णी पुन्हा मिटत होती. मला ते आवडलं नाही, पण मी त्यांना परत बोलावलं नाही.

"दोरी पायाला गुंडाळली. सोडा," ते हळूच म्हणाले.

नेमकं तेव्हाच मरळीचं काळं डोकं वर आलं. मी रीळ आणखी दोनदा फिरवलं. त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पानं हलली आणि सासरे दिसेनासे झाले.

मग मी रीळ मोकळं केलं. किती वेळ गेला कोण जाणे. आधी हात वर आला, मग मुळांनी भरलेलं तोंड. ते रांगत काठावर आले. मरळ गेली होती. घोट्याच्या वर दोरी मांसात रुतलेली होती. ती मी सोडवली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्यांची भीती वाटली.

घरी बायकोने बापाचा पाय पाहिला आणि हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. काय झालं, तिने विचारलं.

"कुंपणाची तार लागली गो," ते म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, व्हय म्हणून.